रेशन दुकानात पुकारलं जाणारं नाव

बायांनो, आज गोंडपिपरीच्या तहसील कार्यालयात जाऊन रेशनकार्ड माझ्या नावावर करायचा अर्ज दिला. नाहीतर पुढच्या महिन्यापासून धान्य बंद झालं असतं.

अर्ज मीच वाचला, मीच भरला. कारकून म्हणाला, "बाई, दोन वर्षं मेलेल्याच्या नावानं राशन उचलून राह्यल्या. काऊन?"

म्हटलं, "भाऊ, येणं जमलं नाई."

खरं कारण वेगळं होतं. रेशन दुकानदार कार्डावरचं नाव मोठ्यानं पुकारतो. नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. महिन्यातून एकदा "सुखदेव" ऐकू यायचं आणि मी पिशवी घेऊन पुढे व्हायची.

आता तिथे माझं नाव पुकारतील. गेलेल्या माणसाचं नाव तुमच्या घरी कोण घेतं?