काळ्या ओढ्याचा दुसरा साक्षीदार

ऐंशीच्या दशकात मी नॉर्थ कॅरोलिनात शिकत होतो. त्या भागात स्कॉटलंडहून आलेल्यांची जुनी वस्ती होती. त्यांची गेलिक भाषा बोलण्यातून गेली होती, पण टेकड्या, ओढे, जुन्या गाडीवाटा यांची नावं काही म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली होती. आमचे प्राध्यापक ती नकाशावर उतरवत होते. उन्हाळ्यात मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांचा नियम एकच. एकाने सांगितलेल्या नावाला दुसऱ्याने जागा दाखवून दुजोरा द्यायचा, तरच ते नकाशावर जाणार.

सगळ्यात जास्त नावं मला एका आजीबाईंनी दिली. ‘आउल्ट डू’ म्हणजे काळा ओढा, हे त्यांचं लाडकं. तिथे त्यांचे वडील गुरं पाण्यावर न्यायचे. आजीबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून व्हरांड्यातूनच त्यांनी हात केला आणि म्हणाल्या, शेजारचा म्हातारा नेऊन दाखवील.

त्या शेजाऱ्याच्या फाटकाशी मी तीनदा गेलो. आत दोन कुत्री मोकळी होती. घुसणाऱ्याला गोळी घालू, अशी पाटी होती. तिसऱ्या वेळी एक ट्रक माझ्या मागे येऊन थांबला. आतला तरुण माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी गाडीत शिरलो, काचा वर केल्या आणि तिथून निघालो. दोन मैलांवर थांबून फॉर्म भरला. रस्त्यालगत दिसला तो ओढा लिहिला आणि दुजोऱ्याच्या रकान्यात पत्रपेटीवरचं म्हाताऱ्याचं नाव घातलं.

महिन्याभराने नकाशाची कच्ची प्रत पाहून आजीबाईंनी प्राध्यापकांना कळवलं की ओढा चुकलाय, खरा पाइनच्या रानापलीकडे आहे. प्राध्यापक म्हणाले, शुक्रवारी जाऊन दोघांनाही विचारू.

शुक्रवारपर्यंत डोक्यात एकच होतं. असिस्टंटशिप जाणार, मग व्हिसा. नागपूरला वडिलांना काय सांगणार?

आजीबाईंना आणि त्या म्हाताऱ्याला गाडीतून आणून रस्त्यालगतच्या ओढ्यावर आम्ही चौघे उभे राहिलो. म्हातारा मला पहिल्यांदाच पाहत होता. प्राध्यापकांनी फॉर्म त्याच्यापुढे धरून विचारलं, याला हाच ओढा दाखवलात ना? माझ्या अक्षरातलं स्वतःचं नाव त्याने वाचलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण सारखं काढत-घालत होते.

“हो,” तो म्हणाला. “मीच दाखवला.”

“चाळीस वर्षं शेजारी राहतोस,” आजीबाई म्हणाल्या, “आणि माझ्या बापाचा ओढा तुला ठाऊक नाही?”

“मला हाच आठवतो.”

“मग डोकं तपासून घे.”

दोन साक्षीदार जुळत नाहीत म्हणून प्राध्यापकांनी ते नावच खोडलं. आजीबाईंनी त्यानंतर त्याला घरात घेतलं नाही, असं पुढे कानावर आलं. तरीही मी गेलो नाही. ना त्याचे आभार मानायला, ना आजीबाईंना खरं सांगायला. आधी डिग्रीची भीती होती, मग ग्रीन कार्डाची, मग बायकोमुलांना काय वाटेल याची.

आता दोघेही हयात नसतील. माझीही सत्तरी जवळ आली आहे. म्हणून लिहितो. त्या म्हाताऱ्याने मला कुठलाही ओढा दाखवला नव्हता. त्या दिवसाआधी आमची गाठच पडली नव्हती. आउल्ट डू पाइनच्या रानापलीकडचा.