दसरा, चार टायर आणि अप्पांचं धोतर

आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला चार टायर आहेत, आणि गेल्या दसऱ्याच्या सकाळी ते चार वेगवेगळ्या गाड्यांचे वाटत होते. हे काम मी एकट्याने, पूर्ण विचार करून केलं होतं.

गाडी मुळात माझ्या सासऱ्यांची, अप्पांची. अप्पा आमच्या जबलपुरातल्याच एका संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होते. नोकरीभर त्यांनी मालातले दोष काढले आणि निवृत्तीनंतर जावयातले काढायला घेतले. (माझी बायको सुनिता म्हणते, घरी माल जास्त मिळाला.) पुढे गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवेना, तेव्हा गाडी आमच्याकडे आली, पण अजून ट्रायलवर. दसऱ्याला पूजेला येईन, गाडी कशी ठेवली ते पाहीन, पसंत पडली तर तुमची, नाहीतर नागपूरला धाकट्याकडे, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. धाकटा म्हणजे माझा मेव्हणा. त्याने गाडीचं कव्हरसुद्धा विकत घेऊन ठेवलं होतं!

मला ती गाडी हवी होती. त्याहून जास्त, अप्पांनी एकदा तरी माझ्या कामाकडे पाहून गप्प बसावं, असं वाटत होतं. त्यांच्या बाबतीत गप्प बसणं म्हणजे शाबासकी.

गाडी धुतली, काचा पुसल्या, आतली धूळ ब्रशने काढली. पण टायर मात्र नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या धुळीच्या पुलावरून आत्ताच आल्यासारखे भुरकट. म्हणून गावातल्याच गोरखपूर बाजारात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि टायरला लावायचं काहीतरी मागितलं. दुकानदाराने विचारलं, चमक चाहिए या कालापन? प्रश्न साधा होता, पण मी आकडेवाला माणूस. चमक किती दिवस टिकते, काळेपणा किती, धूळ कशावर जास्त बसते, पावसात काय होतं, रबराला तडे जातात का, असं सगळं विचारत गेलो. मागे रांग लागली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "भाईसाहब, टायर है, दामाद नहीं। कोई भी ले जाइए।"

दामाद मीच होतो, हे त्याला काय माहीत!

मी दोन्ही घेतली: दुधासारखं पातळ, पाण्यातलं एक, आणि घट्ट, तेलकट, आरशासारखं चमकणारं जेल दुसरं. घरी शेजारच्या काकूंनी तिसरा उपाय सुचवला, ग्लिसरीन. आता यातलं उत्तम कोणतं हे अंदाजाने ठरवणं मला पटेना. तेव्हा मी रीतसर चाचणी घेतली. पुढच्या डाव्या चाकाला पातळ औषध, पुढच्या उजव्याला जेल, मागच्या डाव्याला ग्लिसरीन, आणि मागचं उजवं तुलनेसाठी कोरं. रात्रभर धूळ बसू द्यायची, सकाळी निकाल पाहायचा आणि अप्पा यायच्या आत जिंकलेलं औषध चारही चाकांना लावायचं. यात चुकीचं काय होतं ते मला आजही नीटसं सांगता येत नाही.

चूक झाली ती दुसरीकडे. टायरच्या नुसत्या बाजूला लावून मध्ये रस्त्याला टेकणारा भाग तसाच भुरका ठेवायचा, हे अर्धवट काम वाटलं. मी नक्षीच्या खाचांसकट सगळीकडे लावलं. जमिनीला टेकलेला भाग तरी राहतोच. म्हणून ब्रेक सोडून गाडी फाटकातल्या उतारावरून वीतभर खाली घेतली, चाकामागे वीट लावली आणि तोही भरला. कॉलेजात जाणारी आमची इरा गच्चीवरून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, वहाँ नहीं लगाते." मी तिला सांगितलं की अप्पा वाकून बघतात.

सकाळी उठलो तर अप्पा चहाच्या आधीच हजर! पांढरं शुभ्र धोतर, रेशमी कुडता, हातात नारळ. गाडीभोवती फेरी चालू झालेली. एक चाक मंद काळं, एक बुटासारखं लखलखीत, एक करडं, आणि ग्लिसरीनवाल्याला मुंग्यांची रांग.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "हे एकाच गाडीचे आहेत काय?"

मी चाचणीची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "मुंग्या कोणत्या गटात?"

सुनिताने वेळ सावरली. मुहूर्त जाईल म्हणून पूजा आधी उरकू, असं ती म्हणाली. हार घातला, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे घेऊन ती चिरडली की पूजा पूर्ण. गाडी फाटकातल्या फरशीच्या उतारावर, तोंड वर पोर्चकडे. मी आत बसलो, वीट काढायला लावली, देवाचं नाव घेतलं आणि क्लच सोडला.

गाडी जागची हलली नाही. चाकं मात्र फिरू लागली. फरशी गुळगुळीत, टायर त्याहून गुळगुळीत! मला वाटलं, रेस कमी पडली. वाढवली. जेलवाल्या चाकाखालचं लिंबू न चिरडता अख्खंच्या अख्खं निसटलं आणि बंदुकीच्या गोळीसारखं जाऊन काकूंच्या तुळशीच्या कुंडीवर आदळलं. सुनिता हात हलवत होती. ती पुढे ये म्हणते आहे असं समजून मी आणखी रेस दिली.

ती थांबा म्हणत होती. कारण अप्पा उजव्या दाराशी, पुढच्या चाकाच्या थोडे मागे उभे होते.

खाली उतरलो तेव्हा त्यांच्या धोतरावर गुडघ्यापासून खाली काळ्या ठिपक्यांची नक्षी उठली होती. रांगोळी वेगळी काढायची गरज नव्हती. मला नागपूरचं ते कव्हर डोळ्यांपुढे दिसू लागलं. अप्पांनी एका ठिपक्यावर बोट फिरवलं, चोळलं, वास घेतला, आणि वाकून टायरच्या खाचेत बोट घातलं.

"इथे काहून लावलं?"

"तुम्ही इथेही बघाल म्हणून," मी म्हणालो.

अप्पांनी ते काळं बोट धोतरालाच पुसलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, त्यांना त्रास होऊन राहिला की काय. सुनिता पाणी आणायला धावली. पण ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. स्टूल मागवून खाली बसावं लागलं त्यांना. मग त्यांनी धोतर वर खोचलं, भांडी घासायचा साबण, काथ्याचा ब्रश आणि बादली मागितली आणि तिथेच बसून कामाला लागले. मी पाणी ओतत होतो, ते खाचा घासत होते आणि सांगत होते: औषध चाकावर नाही, फडक्यावर घ्यायचं, बाजूलाच लावायचं, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायचं. चारही चाकांना पातळ औषध लागलं. नवी लिंबं ठेवली, ती रीतसर चिरडली.

जेवताना अप्पांना मेव्हण्याचा फोन आला. गाडी कधी पाठवता, असं विचारत होता. मी ताटातल्या श्रीखंडाकडे बघत कान टवकारले.

"गाडी इथेच राहीन," अप्पा म्हणाले. "तिकडे पाठवली तर हे सगळं मला दिसन कुठून?"

तेव्हापासून अप्पा दर रविवारी येतात. टायर सुनिता पुसते, इरा काचा पुसते, अप्पा स्टुलावर बसून देखरेख करतात. माझ्याकडे बादली धरायचं काम आहे. ते मी अगदी चोख करतो. फक्त बादली काठोकाठ भरलेली असली, की अप्पा ती इराला धरायला सांगतात.