शबानाच्या लॉगिनवरून

ती फाइल मी बिघडवली होती. हे आजवर कोणाला, घरीसुद्धा, सांगितलं नाही.

खामगावातलं आमचं छोटं ऑफिस. बाजार समितीच्या लिलावाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. सर्व्हरला जोडलेलं मशीन एकच. सकाळी शबाना ते उघडायची आणि दिवसभर तिच्याच लॉगिनवरून सगळे काम करायचे. दरवेळी पासवर्ड कोण टाकणार?

सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार तुकड्यांवर चालतं. त्यांना डिपेन्डन्सी म्हणतात. त्यांची नावं एका कॉन्फिग फाइलमध्ये असतात. काही नावं @ ने सुरू होतात. अशी नावं आमच्या फाइलमध्ये कोट्समध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांतच ठेवावी लागत, नाहीतर वाचणारा प्रोग्राम तिथंच थांबे. मला ते कोट्स कचरा वाटले. सगळीकडचे एका झटक्यात काढले. दिसण्यातलाच बदल, म्हणून टेस्ट न करता सर्व्हरवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाव बंद. यार्डात तुरीच्या गाड्या खोळंबल्या.

आमच्या ऑफिसचे साहेब तिथूनच तणतणत आले, स्क्रीनवरचा एरर वाचला. "एवढा महागाचा कम्प्युटर, अन् त्याले साधं नाव वाचता येत नाही? लोकं मले शिव्या देऊन राह्यले. शबाना, फाइल कोणी बदलली तिथं तं तुयंच नाव दिसून राह्यलं."

"सर, त्या मशीनवर सगळेच बसतात." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, काल संध्याकाळी तुम्ही होते ना?"

"काऊन हो, तुम्ही हात लावला होता काय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. नुसतं पाह्यलं."

मी कोट्स परत टाकले, लिलाव सुरू झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती अमडापूरला घरी गेली.

पुढं अकोल्याच्या एका कंपनीतून तिच्याबद्दल विचारायला फोन आला. तो मीच उचलला. "पोरगी हुशार आहे," मी म्हणालो, "पण लक्ष ठेवावं लागते." तिथंही तिला घेतलं नाही.

आता नव्या लोकांना मी शिकवतो: लॉगिन ज्याचं त्यानं वापरावं, आणि टेस्ट केल्याशिवाय काही सर्व्हरवर टाकू नये. का, असं कोणी विचारलं तर मशीनचं कारण सांगतो.

हे लिहिल्यानं काही फिटत नाही. साहेबांसमोर आणि त्या अकोल्याच्या कंपनीला, चूक शबानाची नव्हती, माझी होती, हे सांगणं मी तिला अजून देणं लागतो.