मामूनं फोडली

सोडामामू पाहुण्याला पहिला घास द्यायच्या आधी त्याच्या मनगटावर फटका मारायचा. चमचा मागितला म्हणून, पाणी मागितलं म्हणून, नाहीतर नुसताच. "हात मोकळा कर. बोटं भिऊन राह्यली तुही," म्हणायचा. मलाही त्याचे इतके फटके बसले आहेत, की त्यातले रागाचे कोणते आणि लाडाचे कोणते हे मला कधीच कळलं नाही.

मी तेव्हा अकोल्यात एका सरकारी विश्रामगृहावर नोकरीला होतो. कापसानं गावंच्या गावं आडवी केलेली ती वर्षं. कुठून कुठून अभ्यासक यायचे, दिवसभर खेड्यांत माणूस गेलेल्या घरांतून फिरायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन भिंतीकडे बघत बसायचे. ताटं भरलेलीच परत जायची. मग मी त्यांना मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात घेऊन जायचो. तिथे मामूची गोटी सोड्याची गाडी होती. गाडी पानवाल्याच्या भरवशावर टाकून तो आम्हाला पायी गल्ल्यागल्ल्यांतून खायला घालत फिरवायचा. आधी कचोरी, मग शिगेवरचं मटण, मग खिचडा आणि शेवटी गाडीवर परत येऊन त्याचा सोडा. "दिवसभर मौत पाह्यली ना यानं? मंग याचे दात चालले पायजे," तो मला समजावायचा. "नाईतं मानूस सोताचीच जीभ चावते."

एकदा तेल शिळं वाटलं म्हणून त्यानं पाहुण्यांसमोर कचोरीवाल्याची अख्खी परात नालीत फेकली. कचोरीवाला तापलेला झारा घेऊन धावला, मामूचा दंड भाजला, मामूनं त्याचा ओठ फोडला. आम्ही मधे पडेपर्यंत दोघं धापा टाकत एकाच बाकावर बसले होते आणि कचोरीवाला मामूच्या दंडावर हळद लावत होता. पाहुण्यांच्या घशाखाली त्या दिवशी काही उतरणार नाही असं मला वाटलं होतं. उलट ते भरपूर जेवले.

एक पाहुणा थेट मेक्सिकोहून आलेला होता, कापसावरची कीड बघायला. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. भाजलेल्या कणसाला मीठ, लिंबू, तिखट चोळलेलं पाहून तो रस्त्यातच थांबला. आमच्याकडे संध्याकाळी हेच खातात, म्हणाला. मामूनं त्याला चिडून ठेचा चारला. त्यानं डोळ्यांतून टिपूस न काढता आणखी मागितला, आणि दुसऱ्या दिवशी ग्लासच्या काठाला लिंबू फिरवून त्यावर मीठ-तिखट कसं लावायचं ते मामूला दाखवलं. मामूनं त्याच ग्लासात काळं मीठ घालून सोडा ओतला, चव घेतली आणि त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "हा आपल्यातलाच निगाला," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गावात तणाव होता. मिरवणुकीवरून दोन दिवस कुरबुर चालली होती, अर्धी दुकानं बंद होती. पण त्याच दुपारी आम्ही एका घरी गेलो होतो. तिथल्या आजोबांनी गेलेल्या मुलाची फवारणीची टाकी पाहुण्याच्या हातात ठेवली होती, आणि तेव्हापासून पाहुणा एक शब्द बोलला नव्हता. त्याला तसंच झोपायला पाठवणं माझ्यानं झालं नाही. गाडीपाशी पोचल्यावर मीच म्हणालो, "मामू, जोरात फोडा एक."

आमच्याकडे सोडा उघडत नाहीत, फोडतात. गोटी दाबून बाटलीतून बार काढायचा, हे मामूचं कसब. त्यानं बाटली पाहुण्याच्या कानाशी नेली आणि फाटकन आवाज काढला. पाहुणा दचकून हसला. आणि पानवाला रोजच्यासारखा ओरडला, "मामूनं फोडली रे!"

वळणापलीकडे जमलेल्या पोरांनी फक्त तेवढंच ऐकलं. बाटली फोडली. कुणाच्या डोक्यात, एवढंच विचारायचं बाकी होतं, आणि ते कुणी विचारलं नाही. दोन्हीकडून दगड सुरू झाले. मामूनं पाहुण्याला कचोरीच्या दुकानात ढकलून शटर ओढलं. जमाव गाडीकडे धावला, कारण दंग्यात सोड्याच्या बाटलीसारखं हत्यार नाही. मामूला ते कळलं. त्यानं स्वतःचे क्रेट खाली ओढले आणि एकेक बाटली फरशीवर आपटायला लागला. पोरांनी त्याला लाथा घातल्या, सळईनं मारलं. तो काचेत गुडघे टेकून बाटल्या आपटत राहिला. शेवटी उजव्या हाताच्या शिरा तुटल्या आणि तो आडवा झाला. एक बाटली मात्र कुणीतरी आधीच उचलली होती. ती माझ्या भुवईवर फुटली.

पुढे मामू पातूरला मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. पण माझ्यासाठी आमची ताटातूट दवाखान्यातच झाली. शेजारशेजारच्या खाटांवर होतो आम्ही. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "माही बाटली कोनाले लागली तं नाई?"

"नाही मामू. तुम्ही सगळ्या फोडल्या."

"मंग तुले काय झालं?"

"पळताना खांबावर आदळलो."

त्यानं डाव्या हातानं माझी पट्टी चाचपली. त्या गल्ल्यांतून त्यानं किती माणसांना हाताला धरून फिरवलं होतं, आणि मी त्याच्याशीच खोटं बोलत होतो.

"भाच्या," तो म्हणाला, "त्या गल्लीत खांब कुठी हाय?"