आईच्या फोनवरचा पाऊस

हवामानाचे मेसेज लिहिणाऱ्या त्या अनोळखी गृहस्थाविषयी माझ्या मनात आदराचा कणही उरलेला नाही. "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता." असं वाक्य लिहिणारा माणूस जन्मात कधी चुकत नाही. पाऊस पडला तरी तो बरोबर, नाही पडला तरी बरोबर. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. 'तुरळक पार्ट खराब असण्याची शक्यता' असा शेरा मी मारला, तर दुसऱ्या दिवशी मला गेटच्या आत कुणी घेणार नाही.

हा मेसेज आईच्या फोनवर मीच सुरू करून दिला होता. घरातला पहिला पदवीधर मी. पैठणजवळच्या गावात राबून आईवडिलांनी मला शिकवलं, त्यातलं थोडं तरी त्यांच्या उपयोगी पडावं असं सारखं वाटायचं. शहरातल्या एका कृषी प्रदर्शनात मोफत नोंदणी चालू होती, तिथं मी तिचा नंबर दिला. आई चौथी शिकलेली. बटणाचा फोन हातात धरून ती रोज सकाळी ओट्यावर बसायची, एकेक अक्षर लावत मेसेज वाचायची, आणि गल्लीतल्या बाया ऐकायच्या. मला त्याचा अभिमान होता.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, मे अखेरीचं. रुखवतात घरच्याच कुरडया मांडायच्या, हे आईनं आधीच ठरवलेलं. आमच्याकडे कुरडया एकटीनं होत नाहीत. बाया पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि साच्यातून खाटेवर कुरडया घालायच्या. एकदा गहू भिजले की माघार नाही, आणि ऊन मिळालं नाही तर कुरडई आंबते, काळी पडते. तसल्या कुरडया सासरच्या बायांपुढं मांडल्या, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

लग्नघर म्हणून पहिला मान आमचा. आई गहू निवडून बसली आणि मेसेज आला, पावसाची शक्यता. तिनं गहू परत पोत्यात भरले. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. वर आभाळ कोरडं ठणठणीत, अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि पहिलंच घर अडल्यामुळं गल्लीत एकही खाट बाहेर निघेना.

मी फोनवर म्हणालो, "आई, तो मेसेज सगळ्या जिल्ह्याचाय."

"मंग माझ्या फोनवर कशाला धाडतील? गावाचं नाव तूच सांगितलं व्हतं ना?"

सांगितलं होतं. त्यांनी विचारलं गाव आणि कळवला जिल्हा. मेसेजखालच्या नंबरवर मी फोन लावला. तिकडून एक झोपाळू आवाज आला, "सर, आम्ही शक्यता म्हटलंय. पडेल असं कुठं म्हटलंय?"

"म्हणजे पडणार नाही?"

"तसंही म्हटलेलं नाही."

पगार घेऊन इतकं निर्धास्त बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिकडं शेजारची चुलती आईला टोचत होती. "काय गं, आज तरी पडला का तुझ्या डबड्यात पाऊस?" आई पोत्याचं तोंड आणखी घट्ट बांधायची. सरकारी निरोप, त्यात शिकलेल्या पोरानं आणून दिलेला. तिच्यानं तो मोडवेना.

शेवटी बहिणीनंच गहू पातेल्यात ओतले आणि वर पाणी सोडलं. "लग्न माझंय. काळ्या झाल्या तर मी घेईन ऐकून."

चीक शिजवायच्या दिवशी मी रजा टाकून गावी गेलो. खाटा भरत आल्या होत्या आणि आईचा फोन वाजला. या खेपेला पावसाबरोबर विजांचा कडकडाटही होता. आईचा साच्यावरचा हात थांबला.

"येऊ दे म्हणावं," चुलती म्हणाली. "त्याला बी गूळ घालून वाटीभर चीक देऊ. तू दाब, चीक गार व्हायलाय."

दुपारी धरणाच्या अंगाला खरंच एक ढग दिसला. सगळ्या बाया कपाळावर हात धरून त्याच्याकडं बघत राहिल्या. थोड्या वेळानं तो पांगला.

लग्नात रुखवत बघायला सासरकडच्या बाया आल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईनं कुरडई उचलून उजेडाकडं धरली.

"मशीनच्या हायत का?"

"नाय, घरच्या," आई म्हणाली.

बाईनं कुरडई फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिली, होती तशी जागेवर ठेवली आणि पुढच्या ताटाकडं वळली. आईनं पदरानं तोंड पुसलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.