पारूमावशीचं गप बसणं

हळद निवडायला घेण्याआधी पारूमावशी चपला काढायची, डोळे मिटायची आणि गप बसायची. वसमतच्या त्या हळदीच्या गोदामात मी कारकून म्हणून नवा होतो. मला वाटलं, बाईला डुलकी लागली.

"मावशी, घरी झोप झाली न्हाई का?"

"झोप व्हती की, भाऊ. गप बसनं व्हत न्हाई."

"काहून?"

"घरी बोलायलाच कुनी न्हाई. मंग गप बसले हे कळावं कसं?"

नवरा वारलेला, लेक पुण्याला. मावशी मनात बुद्धवंदना म्हणायची. शेजारच्या बायका आपापल्या देवाचं नाव घेत तिच्याजवळ बसू लागल्या. एरवी एका पोत्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघणाऱ्या बायका, पण तेवढा वेळ चकार शब्द नाही! मीही बसू लागलो. खोटं कशाला सांगू, अख्ख्या दिवसात मला तेवढंच आवडायचं.

पुढे हिंगोली रस्त्याला नवा कारखाना निघाला. पगार जास्त, शिवाय न्यायला गाडी. काही बायका गेल्या. मावशी गेली नाही. शेठ खूश झाले. "याला म्हणतात निष्ठा!"

"तुमच्यासाठी न्हाई थांबले, शेठ," मावशीनं तोंडावर सांगितलं. "या बायांत बसाया मिळतंय म्हनून थांबले."

शेठनी नेमकं तेवढंच धरलं. पुण्याहून शिबिरं घेणारा एक माणूस आणला, भोंगा लावला. गोदामाची तेव्हापासून 'कंपनी' झाली. रोज सकाळी रांगेत बसायचं. श्वास आत, श्वास बाहेर, कंपनी माझं कुटुंब. वर हजेरी आणि फोटो. मावशीला मानानं पुढची खुर्ची. ती डोळे उघडे ठेवून बसायची.

"शेठ, तेवढा भोंगा बंद करा. आमी आपलं बसू."

"अहो मावशी, तुमच्यामुळंच तर सुरू केलं!" शेठ अगदी मनापासून म्हणाले. मला दोघांचंही वाईट वाटलं.

महिना भरला आणि मावशीनं त्या नव्या कारखान्याची गाडी धरली.

"तिथं कुनासंगं बसनार?" मी विचारलं.

"तिथं न्हाई बसायचं. काम करायचं, पगार घ्यायचा."

तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली. भोंगा मात्र चालू आहे.

परवा मावशी बसस्टँडवर भेटली. वाळली होती. "पगार बराबर येऊन राहिला," म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमच्या बाजूला आता कोन बसतं, भाऊ?"

रोज कुणीतरी बसतं, पण नाव मला ठाऊक नव्हतं.