तीन दिवस केस बांधायचे नाहीत

भोसरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर चालवते. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा, संपलं. गिऱ्हाईक म्हणजे वर्कशॉपवाल्यांच्या बायका आणि आसपास भाड्याच्या खोल्यांत राहून चाकणला कंपनीत जाणाऱ्या मुली. तोंडाने मी फटकळ. नवरा म्हणतो, बायका केस कापायला येतात की बोलणी खायला? पण येतात, आणि माझं ऐकतात. त्या ऐकण्याचाच हा किस्सा आहे, आणि आजवर मी तो घरातसुद्धा कुणाला सांगितलेला नाही.

आधी केराटिनचं सांगते. आपला केस मुळात केराटिनचाच बनलेला असतो. बोअरचं खारं पाणी, ऊन, कलर, रोजचं स्ट्रेटनर, यांनी तो वरून खरबरीत होतो आणि कुठेही तुटतो. ट्रीटमेंट म्हणजे औषध लावायचं, सुकवायचं आणि तापलेल्या मशीनने दाबून केसावर एक थर बसवायचा. केस दिसतो मऊसूत. बरा मात्र होत नाही. ओल आलेल्या भिंतीला पुट्टी मारतात ना, तसलंच काम हे. काही महिन्यांत थर निघून जातो आणि खाली केस होता तसाच. हे सगळं मला पाठ आहे. गिऱ्हाइकाला मी यातलं निम्मंच सांगते.

आणि एक नियम सांगते. तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, क्लिपसुद्धा लावायची नाही. जुन्या औषधांना हा नियम खराच होता, बांधले तर वळ पडायचा. पण नंतर मी जी बाटली वापरायला लागले तिच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं, त्याच दिवशी धुवा. त्याच दिवशी धुवा म्हणजे त्याच दिवशी बांधा. तरी मी नियम सोडला नाही. का ते लाज सोडून सांगते.

एका बाईचे केस महिन्याभरातच परत पिंजारले. तिने माझ्या दारात उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकवलं, हिला काही येत नाही, नुसती लुबाडते. मी तोंडावर पदर घेऊन रडले होते त्या दिवशी. पुढच्या वेळी एक तक्रार आली तेव्हा सहज विचारलं, "तीन दिवसांत एकदा तरी बांधले होतेस ना?" तिने मान खाली घालून पिशवी उचलली. मला किल्लीच सापडली. कारण हा नियम आमच्या भागात कुणी पाळूच शकत नाही. कुणाला स्कूटीवर हेल्मेट, कुणाला कंपनीत टोपी, आणि गॅससमोर उभं राहिलं की हात आपोआप क्लिपकडे जातो. नियम मोडलेल्या बाईला भांडायला तोंड उरत नाही. माझं दुकान बिनबोभाट चालू लागलं.

ती मुलगी आली ती एका रविवारी. मराठवाड्यातली, तेवीस-चोवीस वर्षांची, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेली. केस कमरेपर्यंत, पण काथ्यासारखे.

"पार वाटोळं झालंय ओ ताई," म्हणाली. "रूमवरच्या पोरी खराटा म्हणायल्यात मला."

"कुणासाठी गं एवढं? कोण बघायला येतंय?"

"माझ्यासाठीच की! दुसऱ्यासाठी कामून करू?"

मला आवडली पोरगी. दोन-तीन तासांचं काम, त्यात ती बोलत राहिली. ह्याच महिन्याअखेर कंपनी ठेकेदाराच्या काही मुलींना पक्कं करणार होती. सुपरवायझरने बजावलं होतं, एकही खाडा नको. "सात महिन्यांत एक खाडा न्हाई माझा ताई. तापात बी गेले." वडिलांनी वर्षाची मुदत दिली होती. नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय. "मला न्हाई जायचं ओ परत," ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली. मी हं हं करत सगळं ऐकलं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणताच येणार नाही.

शेवटी शेवटी दुसरी एक बाई येऊन बसली आणि सारखी घड्याळ बघायला लागली. मी घाई केली. मानेजवळच्या केसांवर मशीन जास्त तापवून चार हातांत उरकलं. जरा करपल्याचा वास आला. धूर तर होतोच म्हणून मी खिडकी उघडली.

उठता उठता तिने विचारलं, "उद्या फर्स्ट शिफ्ट हाय. अंबाडा घालून जाळी अन् वर टोपी लागती. तेवढं चालंल ना?"

"अजिबात नाही. तीन दिवस केस मोकळे."

"मोकळे केस मशीनपाशी चालत न्हाईत ओ. सैलसर जाळी तरी?"

"हे बघ, केस तुझे, पैसे तुझे. बांधलेस आणि मग रडत आलीस तर मी जबाबदार नाही. बहात्तर तास म्हणजे बहात्तर तास."

ती दुसरी बाई ऐकत होती. तिच्यासमोर मी एकीला सूट दिली असती तर उद्या तिला नियम कुठल्या तोंडाने सांगणार होते? "जा गं, घाल खुशाल अंबाडा," एवढं बोलायला माझं काय जात होतं? मेली माझी अक्कल! देवाशपथ सांगते, मला वाटलं, सगळ्या मोडतात तशी हीही पहाटे अंबाडा घालेल आणि कंपनीची बस पकडेल.

तिने पाळला.

पंधरा दिवसांनी भर दुपारी दारात उभी. तक्रार घेऊन आली असणार म्हणून माझा प्रश्न जिभेवर तयारच होता. पण ती खुर्चीवर बसली नाही, स्टुलावर टेकली.

"काय गं, आज शिफ्ट नाही?"

"सुटली कंपनी. तीन खाडे झाले नव्हं."

तिने सरळ सांगितलं, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. पहिल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून फोन केला. दुसऱ्या दिवशी खोटं बोलवेना म्हणून फोन उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, येऊन भेट. भेटली, तर पक्कं करायच्या मुलींच्या यादीत तिच्या जागी दुसरीचं नाव लागलेलं. उद्या गावाकडे निघाली होती.

"अगं वेडे, एवढं कशाला ऐकायचं माझं?"

"तुमी शिकलेल्या. त्यातलं तुमाला कळतंय, मला काय कळतंय?"

मग पाठ फिरवून तिने मानेवरचे केस उचलून दाखवले. बाकीचे रेशमासारखे पडले होते, तेवढीच एक पट्टी राठ, टोकं तुटलेली. मशीन जास्त तापलं होतं तीच जागा.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "साहेबाला भेटायला गेले तवा गेटवर मोकळ्या केसांनी आत सोडीनात, म्हणून धा मिनिटं बांधले हुते. तीन दिवस व्हायला चार-पाच तासच राहिले हुते ओ. त्यानंच झालं ना हे? माझंच चुकलं."

खरं सांगायची ती वेळ होती. खोक्यावर काय लिहिलंय ते, मी घाई केली ते, नियम माझ्या सोयीचा होता ते. पण मग तिने विचारलं असतं, "मंग तीन दिवस मला घरी कामून बसवलंत?" एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, त्या पोरीच्या एका प्रश्नाला भ्यायले.

"हो," मी म्हणाले. "त्यानंच झालं."

"सॉरी ताई. तुमी येवढी मेहनत घेतली अन् मी वाया घालवली."

"असू दे गं," मी म्हणाले, "होतं असं," आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून मी तिला माफ केलं.